हरणाला काय द्यायचं?

“आत्या, हरणं पोळी खातात का गं?”

डिसेंबरातली गोष्ट. आमच्या वसईत नाताळची गडबड सुरू झाली होती. शेजारच्या आळीत मुलं गवत आणि बांबू जमवून नाताळचा गोठा उभारत होती, झाडाझाडांवर कागदी चांदण्या टांगल्या जात होत्या. आणि आमच्या घरात वेगळीच तयारी चालली होती. सुट्टीत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हरणं बघायला जायचं ठरलं होतं. माझी भाची सातवीत, भाचा चौथीत. आपण त्यांना थोरली आणि धाकटा म्हणू या. वरचा प्रश्न धाकट्याचा. उत्तराची वाट न बघता त्यानं पिशवी भरायला घेतलीसुद्धा होती. ग्लुकोज बिस्किटांचे चार पुडे, कुरमुरे, दोन केळी आणि आजीनं नुकत्याच तव्यावरून उतरवलेल्या तीन पोळ्या.

“रानातल्या प्राण्यांना आपण काही घालायचं नसतं रे,” मी म्हटलं.

झालं! आजीचं लाटणं थांबलं. “का गं? मुक्या जिवाला घास घातला तर काय बिघडलं? विष थोडंच घालतोय आपण? अगं, शकुंतला काय करत होती आश्रमात? आपल्या हातानं भरवायची हरणाला!”

आता शकुंतलेपुढे मी काय बोलणार? शिवाय आजीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतंच. आपल्या ताटातला घास दुसऱ्याला द्यावा, हे आजीनंच तर आम्हाला शिकवलेलं. मुलांच्या मनात मायाच होती. ‘नाही म्हणजे नाही’ असं दरडावून ती पिशवी रिकामी करता आली असती, पण पोरांना कळलं काय असतं? म्हणून मी म्हटलं, “जायला अजून आठ दिवस आहेत. तोवर रोज संध्याकाळी मावशींच्या शेळ्या बघायच्या. मग पिशवीत काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा.”

“शेळ्या? त्यांत काय बघायचंय?” थोरलीनं नाक मुरडलं.

मुलांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घराजवळ शेळी, गाय किंवा म्हैस असेल. शहरात राहत असाल तर मामाच्या गावाला तरी असेलच. हरणाची पुष्कळशी गुपितं तिच्यापाशी असतात. शेळी काही हरीण नव्हे, पण पोटाच्या बाबतीत दोघी अगदी एका माळेच्या.

आमच्या वाडीमागे बावखल आहे. वसईबाहेरच्या मित्रांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या काठाला मावशींचा गोठा. सहा शेळ्या आणि एक दाढीवाला बोकड. पहिल्या दिवशी दोघं फणसाचा पाला घेऊन गेली, पाच मिनिटांत तो खाऊ घातला आणि उड्या मारत परत आली.

“शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात किती असतात?” मी विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. पाला घालताना शेळीचं तोंड त्यांच्या बोटांना लागत होतं, पण दात कुणी पाहिले होते?

दुसऱ्या दिवशी मावशींनी एका गरीब शेळीचा ओठ वर करून दाखवला. वरच्या बाजूला पुढचा दात एकही नाही! नुसती कडक हिरडी. खालचे दात त्या हिरडीवर दाबायचे आणि पाला हिसडा मारून तोडायचा, अशी तिची पद्धत. चितळाचंही अगदी असंच असतं. म्हणून हरणानं खाल्लेलं गवत विळ्यानं कापल्यासारखं सफाईदार नसतं, तुटलेलं, थोडं फाटलेलं दिसतं. सशाला वर-खाली धारदार दात असतात. त्यानं कुरतडलेली काडी तिरकी, स्वच्छ कापलेली असते. रानात हिंडणारी माणसं नुसती काडी बघून सांगतात, इथे कोण जेवून गेलं ते.

तिसऱ्या दिवशी रवंथाची पाळी. शेळी बसली, डोळे अर्धवट मिटले, आणि मानेतून एक गोळा खालून वर सरकताना दोघांनी स्पष्ट पाहिला. धाकटा तर ओरडलाच, “आत्या, लिफ्ट!” मग थोरलीनं घड्याळ लावलं आणि त्यानं चावणं मोजलं. एका घासाला बेचाळीस, दुसऱ्याला पंचावन्न, तिसऱ्याला एकोणपन्नास. मग गोळा पुन्हा खाली, आणि थोड्या वेळानं दुसरा वर.

याचं कारण असं, की शेळी, गाय, चितळ, सांबर या सगळ्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला सगळ्यांत मोठा. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव राहतात. गवतातला चिवट भाग प्राण्याला स्वतःला पचवता येत नाही. तो हे जीव कुजवून, आंबवून देतात आणि मग त्याचं अन्न होतं. म्हणजे हरीण जेवतं तेव्हा ते एकटं जेवत नाही, पोटातल्या कोट्यवधी पाहुण्यांची पंगतही बसलेली असते. रवंथ करताना भरपूर लाळ पोटात जाते, आणि ती आतला आंबटपणा आटोक्यात ठेवते. हरणाला आणखी एक सोय होते. मोकळ्या कुरणात धोका असतो, म्हणून तिथे भराभर पोट भरून घ्यायचं आणि आडोशाला बसून निवांत चावायचं. डबा वर्गात घाईघाईनं संपवून नंतर मैदानात चघळत बसणारी मुलं मला माहीत आहेत, पण त्यांची गोष्ट वेगळी.

पाचव्या दिवशी धाकट्यानं मावशींना विचारलं, “शेळीला बिस्कीट घालू का?”

मावशी कडबा नीट करत होत्या. त्या म्हणाल्या, “पोरा, शेळीचं पोट म्हणजे काय कचऱ्याची पेटी वाटली का तुला? तीन वर्षांमागं माझी काळी शेळी अशीच गेली. लग्नाच्या मांडवामागं कुणीतरी उरलेला भात ओतलेला. हिनं दावं तोडलं नि पोटभर खाल्लं. संध्याकाळी पोट हे असं फुगलेलं. उभी राहीना. डॉक्टर येईस्तोवर रात्र झाली. सकाळी गेली. गाभण होती.”

मग त्या काही बोलल्या नाहीत. मुलंही नाही.

घरी येताना थोरलीनं विचारलं, “आत्या, भातानं कोण मरतं?” आपण नाही मरत. पण भात, पाव, पोळी, बिस्कीट यांत पिष्ट आणि साखर भरपूर. ते एकदम पोटात गेलं की तिथले पाहुणे बदलतात. आंबट करणारे जीव झपाट्यानं वाढतात, गवत पचवणारे मरतात, आणि सगळं पोट आंबून जातं. थोड्या खाण्यानं लगेच असं होईलच असं नाही. पण उद्यानात येणारे आपण एकटे थोडेच असतो? ‘एका बिस्किटानं काय होतंय?’ असं म्हणणारी शंभर माणसं आली, की हरणाच्या पोटात शंभर बिस्किटं.

निघायच्या आदल्या रात्री पाहिलं, तर पिशवीतून पोळ्या आणि कुरमुरे गेले होते. केळी आम्हाला खायला होती. बिस्किटांच्या चार पुड्यांपैकी तीन डब्यात परत. चौथा धाकट्याच्या खिशात होता, पण तो मला तेव्हा कळला नाही.

वसई रोडहून सकाळची लोकल पकडली. नायगाव सुटलं की गाडी खाडीच्या पुलावर येते, मध्ये पाणजू बेट लागतं. मुंबईकडे जाताना डाव्या खिडकीशी बसा. खाडीच्या अलीकडे तुंगारेश्वरचे डोंगर दिसतात, पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचे. मध्ये एवढं पाणी, रस्ते, कारखाने, वस्ती. तरीही २००९ साली एका बिबट्यानं हे सगळं ओलांडलं होतं. अभ्यासकांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं होतं. त्याचं नाव त्यांनी ‘आजोबा’ ठेवलं होतं. शंभराहून अधिक किलोमीटर चालत, वसईची खाडी पार करून हे आजोबा बोरिवलीच्या जंगलात पोहोचले. धाकट्यानं उरलेला सगळा प्रवास खाडीत कुणी पोहतंय का ते बघण्यात घालवला. भाईंदरला गर्दी चढली तेव्हा कुठे त्याची मान आत आली.

बोरिवली स्टेशनाच्या पूर्वेला उतरून चालत गेलं की उद्यानाचं दार. आजूबाजूला एवढी मोठी मुंबई, आणि मध्ये शंभराहून अधिक चौरस किलोमीटर जंगल! सोमवारी उद्यान बंद असतं, तेवढं लक्षात ठेवून बेत आखा.

आत गेल्यावर थोड्याच वेळात रस्त्याकडेच्या गवतात चितळं दिसली. अंगभर पांढरे ठिपके. पुष्कळ हरणांच्या पिल्लांचे ठिपके मोठेपणी जातात, चितळाचे जन्मभर राहतात. पण आमच्या आधी तिथे दहा-बारा जणांचा एक घोळका पोहोचला होता. त्यांच्या हातांत वेफर्स होते. “ये ये ये,” करत ते वेफर्स फेकत होते आणि फोटो काढत होते. अकरा चितळं त्यांच्यासमोर दाटीवाटीनं उभी. एका मोठ्या नरानं शिंग हलवून एका पाडसाला बाजूला ढकललं, तेव्हा घोळक्यातली एक छोटी मुलगी घाबरून रडायला लागली. रडणं साहजिकच होतं. चितळाचा नर सत्तर-ऐंशी किलोचा असतो, आणि त्याची शिंगं काही शोभेची नसतात.

धाकट्याचा हात खिशात गेला. पुडा बाहेर आला. तेवढ्यात मागून आवाज आला, “बाळा, ठेव तो खिशात.”

खाकी कपड्यातले वनरक्षक होते. त्यांनी त्या घोळक्यालाही हात जोडून थांबवलं. तोवर एक वेफर्सचा रिकामा पुडा वाऱ्यानं गवतात गेला होता. एका मादीनं तो तोंडात घेतला. त्याला मीठ लागलेलं, तेल लागलेलं, तिला तो खाऊच वाटला. वनरक्षक टाळ्या वाजवत धावले. ती दचकली, चार उड्या मारून झाडीकडे गेली, पण पुडा काही तिनं टाकला नाही. जाता जाता तिनं तो गिळला. चकचकीत कागदाचा शेवटचा कोपरा आत जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिला.

“काका, आता तिचं काय होणार?” धाकट्यानं विचारलं.

“काय सांगू?” ते म्हणाले. “एका पुड्यानं कदाचित काही होणार नाही. पण तिला हे खायची सवय लागली ना!”

प्लॅस्टिक पचत नाही. पहिल्या कप्प्यातून ते पुढेही नीट सरकत नाही. तिथेच साठतं, गुंडाळी होते. पोट भरल्यासारखं वाटतं आणि प्राणी उपाशी मरतो. जपानमध्ये नारा नावाचं शहर आहे. तिथे हजाराहून अधिक हरणं मोकळी हिंडतात. लोक त्यांना गव्हाचं पीठ आणि भाताचा कोंडा यांच्या खास चकत्या विकत घेऊन देतात. त्यांत साखर नसते, आणि हरणं चकतीसाठी चक्क मान लववून नमस्कार करतात. जगभरातून माणसं ते बघायला जातात. पण २०१९ साली तिथे मेलेल्या काही हरणांच्या पोटांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे गोळे सापडले. एकाच्या पोटातला गोळा चार किलोंहून जड होता. म्हणजे जिथे हरणांसाठी वेगळा खाऊ बनवतात, तिथेही हे घडलं! आपल्याकडे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना प्रेक्षकांनी खायला घालायला कायद्यानंच बंदी आहे, ती उगाच नाही.

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग त्यानं पुडा माझ्या पिशवीत टाकला. आम्ही त्या जागेपासून पुष्कळ पुढे गेलो. एका मोठ्या झाडाखाली, रस्त्यापासून जरा आत नजर पोहोचेल अशा जागी बसलो. बोलायचं नाही, उठायचं नाही. जवळ फक्त वही आणि पेन्सिल.

पहिली वीस मिनिटं काहीच नाही. मुंग्या तेवढ्या दिसल्या. “कंटाळा आला,” असं धाकट्यानं वहीत लिहून मला दाखवलं. पालकांना इथे एक विनंती. ही पहिली वीस मिनिटं मोबाइल काढून देऊ नका. कंटाळा संपतो, आणि मग डोळे उघडतात.

मग समोरच्या गवताच्या तुकड्यात चितळं आली. एक, तीन, सात, चौदा. त्यांना आमचं असणं ठाऊक होतं. एक मादी आमच्याकडे बघत उभी राहिली, पुढचा पाय तिनं दोनदा जमिनीवर आपटला, आणि आम्ही हललो नाही तेव्हा तिनं मान खाली घातली. कान मात्र एक आमच्याकडे, दुसरा झाडीकडे. थोरलीच्या ध्यानात पहिल्यांदा आलं ते हेच. चितळ एक कान इकडे आणि एक तिकडे एकाच वेळी वळवू शकतं.

मग तिनं वहीत एक खेळ सुरू केला. दर मिनिटाला किती चितळांची मान वर आहे, ते लिहायचं. चार, तीन, पाच, तीन, चार. एकदाही शून्य आलं नाही. सगळी एकदम कधीच खात नव्हती. आणि वहीवर नजर फिरवताना तिला आणखी एक दिसलं. कळपाच्या कडेची चितळं सारखी मान वर करत होती, मधली त्या मानानं निवांत खात होती. पाडसं बहुतेक मध्ये. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. प्राणिशास्त्रज्ञांनी अनेक कळपांवर हीच गोष्ट मोजून पाहिलेली आहे, हे मी तिला घरी आल्यावर सांगितलं. तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

वरच्या फांदीवर वानरं होती, काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. वानर हा मोठा उधळ्या प्राणी. अर्धं पान खातो आणि अर्धं टाकतो. ती पानं खाली पडत होती आणि चितळं ती वेचत होती. ही त्यांची जुनी दोस्ती. चितळाला वरचा पाला मिळतो. त्यातून वानराला उंचावरून लांबचं दिसतं आणि चितळाला वास लवकर येतो, म्हणजे धोक्याची वर्दी दोघांनाही. आमच्यासमोरच ते झालं. वरून एक वानर ‘खॉक्’ करून ओरडलं. त्या क्षणी चौदाच्या चौदा माना वर! शेपट्या उभ्या, खालची पांढरी बाजू उघडी. झाडीत काय होतं, ते आम्हाला दिसलं नाही. बिबट्या असेल, भटकं कुत्रं असेल. मिनिटभर सगळं जंगल दगडासारखं. मग एकीनं शेपटी खाली घेतली आणि पुन्हा खाणं सुरू झालं.

तेव्हा धाकटा माझ्या कानाशी कुजबुजला, “आत्या, तिकडची अकरा बघतच नव्हती.”

“कुठे बघत नव्हती?”

“जंगलाकडे. ती सगळी हाताकडेच बघत होती.”

खरंच होतं त्याचं. त्या अकरांपैकी एकाचाही कान झाडीकडे वळलेला नव्हता. बिबट्या असो वा कुत्रं, त्यांना शेवटच्या क्षणीच कळलं असतं. आणि आपल्याला तरी तिथे काय दिसलं? पुढे आलेली तोंडं, बस्स. कान, पाय, शेपटी, कळपाची रचना, वानराची दोस्ती यांतलं काहीच नाही. हातात खाऊ धरला की हरणाला फक्त हात दिसतो आणि आपल्याला फक्त तोंड.

त्या दीड तासात आणखी एक नर पाहिला. त्याची शिंगं जाडसर, बोथट, जणू मखमलीच्या पिशवीत घातलेली. चितळाची शिंगं भरीव हाडाची असतात, दरवर्षी गळतात आणि पुन्हा नवी येतात. वाढत असताना त्यांच्यावर मऊ केसाळ कातडी असते, तिच्यातून रक्त वाहतं. शिंग पुरं वाढलं की ती वाळते आणि नर झाडावर घासून ती काढून टाकतो. काळविटाची शिंगं मात्र एकदा आली की जन्मभर राहतात. आपण दोघांनाही हरीणच म्हणतो, पण ती कुळं वेगळी. रानात गळलेलं शिंग सापडलं तरी उचलून आणायचं नाही बरं का. एक तर तो गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती सरकारी मालमत्ता. आणि दुसरं, त्याला गिऱ्हाइकं आहेत. साळिंदर ते कुरतडतं, कधीकधी हरणंही चघळतात. हाडासाठी लागणारा चुना त्यांना त्यातून मिळतो.

रात्री जेवताना दोघांनी आजीला सगळं सांगितलं. मोजलेल्या माना, वानर, आणि ती पुडा गिळणारी मादी. आजी ऐकत राहिली. मग म्हणाली, “अगं, पण शकुंतलेच्या पाडसाला आई नव्हती. जन्मल्या जन्मल्या गेली होती. म्हणून तर ती त्याला मूठ मूठ सावा भरवून वाढवत होती.”

“आणि ती सासरी गेल्यावर?” थोरलीनं विचारलं.

“सासरी निघाली तेव्हा ते तिचं वस्त्र धरून मागे ओढत होतं. ती त्याला म्हणाली, आता तुला बाबा सांभाळतील.” आजी जरा थांबली. “आणि जडभरताची गोष्ट तुला ठाऊक आहेच. राज्य सोडून वनात गेला तो, आणि एका पाडसात असा गुंतला, की मरताना डोळ्यांपुढे तेच. पुढच्या जन्मी स्वतः हरीण झाला. म्हणजे एकदा हातात घेतलं की शेवटपर्यंत निभवावं लागतं, असंच ना ते?”

मी काही बोलले नाही. आजी माझ्यापेक्षा चांगलं सांगत होती. एवढंच जोडलं, की रानात गवतात एकटं बसलेलं पाडस दिसलं तर ते अनाथ आहे असं समजून उचलायचं नाही. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. ती जवळच असते, आणि माणसं तिथून हलल्याशिवाय येत नाही. खरोखर जखमी असेल तर वन विभागाला कळवायचं. भल्या मनाची माणसं अशी पाडसं घरी घेऊन जातात आणि आई रात्रभर शोधत राहते.

दुसऱ्या दिवशी थोरली संस्कृतच्या पुस्तकातला शब्द घेऊन आली. “मृगया म्हणजे शिकार. मग मृग म्हणजे हरीण, की शिकार?” चांगला प्रश्न होता. फार जुन्या काळी ‘मृग’ म्हणजे कुठलाही रानटी पशू. म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणतात. पुढे तो शब्द हरणाला चिकटला. आणि याचं उत्तर आपल्या गावाजवळच दगडावर कोरलेलं होतं, असं मी म्हटलं तेव्हा तिला पटेना.

वसईच्या पुढचं स्टेशन नालासोपारा. ते प्राचीन शूर्पारक बंदर. तिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तुकडा लहान, पण हाच लेख गिरनारला आणि इतरत्र पूर्ण आहे, म्हणून त्यात काय होतं ते आपल्याला कळतं. पूर्वीचे राजे सहलीला निघायचे ते मृगयेसाठी, मौजेसाठी. अशोकानं राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी ते बदललं. तो बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेला, आणि तिथून पुढे लोकांना भेटायला, दान द्यायला, धर्माची चर्चा करायला प्रवास करू लागला. दुसऱ्या एका लेखात तर राजाच्या स्वयंपाकघराचा हिशेब आहे. पूर्वी तिथे रोज लाखो प्राणी मारले जात. आता फक्त दोन मोर आणि एक हरीण, आणि ते हरीणही रोज नाही.

“म्हणजे सहल तीच, पण काम बदललं,” थोरली म्हणाली. तिचं तिलाच ते आवडलं असावं, कारण तिनं ते वहीत लिहून ठेवलं. पुढच्या रविवारी आम्ही स्तूप बघून आलो. धाकट्याला तिथे सरडा जास्त आवडला.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. पण मावशींच्या गोठ्याचं प्रकरण काही संपलं नाही. धाकटा रोज संध्याकाळी जायला लागला. पाला आणायचा, पाणी भरायचं, दावणीखालचं झाडायचं. मावशींनी त्याला एकच अट घातली होती, “आलास तर रोज ये. शेळीला रविवारची सुट्टी नसते.” परीक्षेच्या दिवसांत त्याच्या आईनं कुरकुर केली, तेव्हा त्यानं पाचऐवजी साडेपाच अशी वेळ ठरवून घेतली. आजीही कधीकधी त्याच्याबरोबर जाते. तिला घास घालायचा असतो ना! एका शेळीला करडू झालं, तेव्हा त्याला पहिल्यांदा उभं राहताना या दोघांनीच पाहिलं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही तुंगारेश्वरला गेलो. २००३ पासून ते अभयारण्य आहे, आणि आमच्या घरापासून रिक्षानं जाता येतं. देवळाकडच्या वाटेवर गर्दी व्हायच्या आत, ओढ्याकाठी मोठ्या दगडावर बसलो. धाकट्यानं या वेळी मुद्दाम मातकट रंगाचा सदरा घातला होता. झाडांच्या शेंड्यांवर ऊन आलं होतं, खाली अजून गारवा होता. तेवढ्यात वरच्या झाडीतून भुंकण्याचा आवाज आला. “कुत्रं,” असं मी म्हणणार तोच थोरलीनं माझा हात दाबला. कुत्रं असं थांबून थांबून, एकेकदाच भुंकत नाही. ते भेकर होतं. आपल्याकडचं लहानसं, लाजरं हरीण. कळपात न राहणारं.

अर्धा तास बसलो. पानही हललं नाही. मग धाकट्यानं वही उघडली आणि लिहिलं: ‘भेकर. दिसलं नाही. सात वाजून दहा मिनिटं. हाक चार वेळा. ओढ्याच्या वर, डाव्या हाताला.’ खाली थोरलीनं तिच्या अक्षरात भर घातली: ‘त्याला आपण दिसलो असणार.’